दोन राखाडी

टिंटिंग मशीनखाली पांढऱ्या बेसचा डबा ठेवला की त्यात काळा पडतो. मग एका डब्यात पिवळ्या ऑक्साइडचे काही थेंब, दुसऱ्यात निळ्याचे. दोन राखाडींमधला फरक एवढाच. दोन्ही रंग अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ६० टक्के परत देतात. दुकानातल्या ट्यूबखाली शेड कार्ड धरलं तर कुणीही म्हणेल, एकच आहेत हो.

घरात राखाडीला विरोध झाला तो आत्याचा. "प्लास्टर तर आहेच, रंग कधी देणार?" तिचं म्हणणं मला मनापासून कळतं. गावोगावी अशी घरं आहेत: स्लॅब पडला, गिलावा झाला आणि पैसे संपले. मग त्याच उघड्या सिमेंटवर हळदीचे हात उमटतात, कॅलेंडरं लागतात, मुलं मोठी होतात. त्या पिढीला राखाडी भिंतीत अजून हाती न आलेला पैसा दिसतो. म्हणूनच माझा कल पिवळसर छटेकडे होता. सिमेंट गार दिसतं. हिच्यात चुलीतल्या राखेची ऊब आहे.

पण भिंत एकटी कधीच नसते. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात टॅपेस्ट्रीची काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार होती. तिथला रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने शोध घेतला, तर रंगाईत खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याचं तेज खात होते. १८३९ साली त्याने यावर ग्रंथच लिहिला. राखाडी तर स्वभावानेच भिडस्त, शेजाऱ्याचं सगळ्यात जास्त मनावर घेणारी. हिरवट कोटा फरशीवर ती किंचित तांबूस होते. पावसाळ्यात खिडकीबाहेरचं झाड भरलं की पानांवरून आलेल्या उजेडात तीच भिंत हिरवी झाक घेते.

उत्तरेच्या खोलीत वर्षातले बरेच महिने थेट ऊन येत नाही, आभाळाचा निळसर उजेड तेवढा येतो. तिथे पिवळसर राखाडीच शोभते. निळसर लावली तर भर वैशाखातही खोली ओलसर वाटेल. पश्चिमेच्या हॉलमध्ये मात्र उलट. संध्याकाळचं ऊन आधीच पिवळं, त्यात पिवळसर रंग मातकट होतो. निळसर राखाडी ते ऊन पचवते आणि शांत राहते. हे कार्डावर कळत नाही. पुठ्ठ्यावर दोन हात मारून, पूर्ण वाळू देऊन, तो भिंतीभिंतीला टेकवत दिवसभर बघावं लागतं. ओलं इमल्शन फिकं दिसतं, वाळल्यावर गडद होतं. दिवे लागल्यावर आणखी निराळं.

शेवटी दोन्ही राखाडी घरात आल्या. हॉल आणि पॅसेज यांची हद्द रंगारीकाकांनी आतल्या कोपऱ्यात धरली. बाहेरच्या धारेवर दोन रंग भेटले तर जराशी वाकडी रेघही लांबून दिसते, असं ते म्हणाले. त्यांनी टेप न लावता, ब्रशनेच ती रेघ छतापासून स्कर्टिंगपर्यंत आणली.