माझ्याच एका बातमीची दुरुस्ती

मंडळी, आज जरा कबुली द्यायचीय.

काही वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या तलावावर मी बातमी केली होती. मथळा होता, ‘तलाव गाळाने भरला, प्रशासन झोपेत!’ सगळा गाळ काढा, कडेनं भिंत बांधा, सुशोभीकरण करा, अशी मागणी. बातमी गाजली, मी पण खूश.

मागच्या जानेवारीत लग्नासाठी नंदीग्रामनं नाशिकला गेलो. पाहुण्यांनी पहाटेच उठवून निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला नेलं. आपल्या नांदेडला येते तीच गोदावरी तिथं कादवेला मिळते. इंग्रजांच्या काळातला बंधारा. शंभर वर्षांत गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, चिखलाची बेटं तयार झाली. आणि तिथंच पक्षी उतरायला लागले! १९८६ ला अभयारण्य झालं. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

दुर्बिणीतून बघितलं. फावड्यासारख्या चोचीनं चिखलपाणी गाळून खाणारं थापट्या बदक. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. काळे वारकरी तर शेकड्यानं. गाईड तिथल्याच गावातला पोरगा. म्हणाला, “दादा, पाणी खोल असतं तर यातले निम्मे आलेच नसते.”

मला माझा मथळा आठवला.

परत आल्यावर सकाळी आपल्या तलावावर गेलो. उथळ कडेला चार चक्रवाक! रस्त्यानं जाणारा एकजण थांबला, “काय बघायलाव भाऊ, नुसता गाळ हाय.” पलीकडं मुरमाचा टिप्पर रिकामा होत होता.

२०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी बांधलेले तलाव धरलेलेच नाहीत. नांदूर मध्यमेश्वर पण सिंचनाचाच बंधारा, पण त्याला अभयारण्याचं कवच आहे. आपल्या तलावाला कुणाचं? आपलंच.

शेतकऱ्याला गाळ लागतो, ते खरंच आहे. मधला काढा, उन्हाळ्यात काढा. पण कडेचा उथळ पट्टा राहू द्या, अन् भराव तर टाकूच नका.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी तलावावर आहे. वही-पेन घेऊन या, लेकरांनाही आणा. पक्षी मोजू, तारखेसह लिहून ठेवू. उद्या कुणी ‘इथं काहीच नाही’ म्हणालं, तर दाखवायला आपल्याकडं वही पाहिजे.