धरणकाठची मोजणी

आश्विन सरत आला, सोयाबीन निघून कपाशीची बोंडे फुटू लागली, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यातील शेतांवर काही परदेशी पाहुणे दिसू लागतात. त्यांस भोवत्या असे सार्थ नाव आहे. घारीप्रमाणे उंच घिरट्या घालण्यात यांचे मन फारसे रमत नाही. लांब पंख किंचित वर उचलून, पिकाच्या शेंड्यांस जणू स्पर्श करीत ते फेऱ्या घालितात आणि टोळ, उंदीर, लहान पाखरे टिपतात. कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत त्यांची घरटी असतात. तेथे थंडीचा कडाका पडण्यापूर्वी ते पर्वतांपलीकडून आपल्याकडे येतात व फाल्गुन-चैत्राच्या सुमारास परत जातात. ईयोबाच्या पुस्तकाच्या ३९ व्या अध्यायात परमेश्वर ससाण्याच्या दक्षिणेकडील उड्डाणाविषयी ईयोबास प्रश्न करून त्यास निरुत्तर करितो. तो प्रश्न आपल्या तुरीच्या शेतावरही विचारिला जात आहे, हे वाचकांपैकी पुष्कळांच्या ध्यानी आले नसेल.

गेल्या काही वर्षांपासून कार्तिकातील एखाद्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी काही विद्यार्थ्यांस घेऊन धनोडी येथे वर्धा नदीवर बांधलेल्या निम्न वर्धा धरणाच्या काठी शिकारी पक्षी मोजावयास जातो. (पुलगावहून आर्वीस जाणारी अरुंद रुळांची गाडी आता धावत नाही, तेव्हा एस. टी.चा आश्रय करावा लागतो.)

जलाशयाचा काठच का, असे मुले विचारितात. काळी जमीन उन्हाने तापली म्हणजे तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते. मोठ्या पंखांचे पक्षी त्या हवेवर आरूढ होऊन, पंख फारसे न हलविता, उंच जातात व तेथून पुढे घसरत जातात. पाण्यावर दिवसा अशी हवा क्वचितच चढते. म्हणून पुष्कळ शिकारी पक्षी विस्तीर्ण पाणी ओलांडण्याचे टाळून काठाकाठाने प्रवास करितात. अमेरिकेत सुपिरियर सरोवराच्या टोकाशी डुलुथ नावाचे शहर आहे. तेथील एका टेकडीवरून १९७२ पासून दर शरदऋतूत ही मोजणी चालते, आणि २००३ च्या सप्टेंबरात तेथे एकाच दिवशी एक लाखाहून अधिक शिकारी पक्षी मोजले गेले. आपले धरण त्या सरोवरापुढे केवळ डबके. पक्ष्यांची वाट अडविण्याइतके ते मोठे नाही. येथे जो येतो तो बदके, मासे आणि काठचे गवत पाहून येतो. सबंध दुपारभर बसून कधी एक खरुची, कधी पाण्यात झेप घालून मासा उचलणारा ऑस्प्रे, कधी बदकांची धांदल उडविणारा दलदली भोवत्या, इतकेच हाती लागते.

आमच्यात वाद झाला तो यामुळेच. सूर्य कलला, भोवत्ये जमिनीवरील गवतात मुक्काम शोधीत येऊ लागले. एका गटाने पाच लिहिले. दुसऱ्या गटाचे नऊ झाल्याचे कळताच पाचवाल्यांतील एक मुलगा म्हणाला, “सर, आपले निदान सात तरी लिहू या ना. दोन आले असतील, आपल्याला दिसले नसतील.” मुलगा खोटारडा नव्हे, उलट वर्गात त्याच्या शब्दावर सर्वांचा विश्वास. मी त्यास दाविद राजाच्या शिरगणतीची आठवण दिली. आपले बळ किती मोठे हे पाहण्यासाठी केलेली ती गणती राजास फार महाग पडली. तो हसला, पण त्याचे समाधान झाले नाही. मग गिधाडांची हकीकत सांगावी लागली.

आजच्या मुलांच्या आजोबांनी मेलेल्या बैलावर गिधाडांची झुंबड पाहिली आहे. “पुष्कळ होती,” असे ते सांगतात. पुष्कळ म्हणजे किती, हे कोणी लिहून ठेविले नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र विभु प्रकाश यांनी १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्यांची नोंद केली होती. नऊ वर्षांनी पाहतात तो निम्म्याहूनही कमी उरल्या. पहिला आकडा होता म्हणून दुसऱ्यास अर्थ आला, आणि शोध सुरू झाला. जनावरांस वेदनाशामक म्हणून देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत गुरांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करिते, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. २००६ साली आपल्या देशात त्या औषधाच्या पशूंकरिता उत्पादनास बंदी झाली. १९८७ च्या त्या वहीत कोणी अभिमानाने शंभर जोड्या अधिक लिहिल्या असत्या तर?

मुलगा काही बोलला नाही. वहीत पाचच राहिले. त्यांतील दोन नर करड्या-पांढऱ्या रंगाचे, माँटेग्यूचे भोवत्ये होते. उरलेल्या तिघी तपकिरी माद्या. माँटेग्यूची मादी आणि पांढुरक्या भोवत्याची मादी दुरून वेगळी ओळखणे जाणत्यांसही कठीण. म्हणून त्याने स्वतःच्या हाताने “जात अनिश्चित” असे लिहिले. माझ्या मते त्या सायंकाळची सर्वांत चांगली नोंद तीच.

पालकांपैकी पुष्कळजण शेतकरी आहेत. त्यांस विनंती की, हिवाळ्यात पडीचे गवत जाळण्यापूर्वी किंवा नांगरण्यापूर्वी एक दिवस सायंकाळी बांधावर उभे राहून पाहावे. भोवत्ये तेथे निजत असल्यास फाल्गुन सरेपर्यंत तेवढा तुकडा राखावा, आणि किती दिसले तो आकडा तारखेसह मुलांबरोबर शाळेत पाठवावा. एकही दिसला नाही, तर शून्य लिहून पाठवावे.