पॉम्पेईच्या रस्त्यांवर

पॉम्पेईत आज मला देवळांपेक्षा रस्त्यांनीच धरून ठेवलं. काळ्या फरसबंदीत चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, ओलांडायला उंच दगड, आणि त्यांच्यामधून गाडीचं चाक निघेल एवढी फट. कोपऱ्यावर खाणावळ, तिच्या ओट्यात पुरलेले मातीचे रांजण. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि सगळं राखेखाली गेलं.

मृतदेहांच्या राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून उभी केलेली माणसं मात्र फार वेळ बघवेनात. लोक त्यांचे फोटो काढतात, मला ते पटत नाही. ती मेलेली माणसं आहेत.

मन गुंतलं ते नेपल्सच्या संग्रहालयातल्या हस्तिदंती स्त्रीपाशी. १९३८ साली पॉम्पेईच्याच एका घरात सापडलेली ही भारतीय मूर्ती, वीतभराहून जराशी मोठी, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. म्हणून काही अभ्यासक तिचं माहेर सातवाहनांच्या मुलखात शोधतात. तेव्हा तेरचा माल गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजांनी पश्चिमेला. हीसुद्धा त्याच वाटेने आली असावी, असं मला मनापासून वाटतं.