टोक नेमकं कुठे

मोतीबिंदूमुळे डाव्या डोळ्याला धूसर दिसू लागलं, तेव्हापासून कायमोग्राफवरची, म्हणजे टोक काळानुसार कसं सरकतं ते दाखवणाऱ्या चित्रावरची, रेघ माझी विद्यार्थिनी मारते. रेघ बरोबर असते, तरी शेजारी बसल्या बसल्या माझा हात माउसकडे जातोच.

घोडं अडतं ते मायक्रोट्यूब्यूल या पेशीतल्या बारीक नलिकेच्या टोकाशी. ती ज्या ट्युब्युलिनची बनते, त्याची एक जोडी ८ नॅनोमीटरची, तर सूक्ष्मदर्शकातला ठिपका २५० च्या आसपास. म्हणजे ज्याला आम्ही टोक म्हणतो, त्यात नुसत्या लांबीच्या दिशेनंच तीसेक जोड्या लपतात. आणि यीस्टमधलं किप३ हे प्रथिन तिथे पोचून एका वेळी एक-दोन जोड्याच काढतं!

किप३नं मला झपाटलं ते २००६ साली. नलिका जितकी लांब, तितकी ते ती झपाट्यानं आखूड करतं, हे ड्रेस्डेनला जोनाथन हॉवर्ड यांच्या गटानं दाखवलं. हे प्रथिन लांबी मोजत बसत नाही. नलिकेवर जागा मिळेल तिथे चढतं आणि मध्ये फारसं न सुटता टोकापर्यंत चालत जातं. लांब नलिकेवर चढायला जागा जास्त, म्हणून टोकाशी गर्दीही जास्त. मागून दुसरं आलं की पुढचं सुटतं, जाताना जोडी घेऊन जातं. माणसातलं त्याचं भावंड केआयएफ१८ए कमी केलं, तर पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रं वेगळी करणारं स्पिंडल लांबतं आणि ती मध्यावर नीट जुळत नाहीत.

हल्ली ट्युब्युलिन गोठवलेल्या कुप्यांत विकत मिळतं; आम्ही ते मेंदूतून काढायचो. पहाटे कत्तलखान्यातून बर्फात आणलेला बकऱ्याचा मेंदू, चिमट्यानं सोलून काढलेलं त्याचं रक्ताळलेलं आवरण, हे ज्यांनी पाहिलंच नाही, ते आलेखावर भलताच विश्वास टाकतात, असं माझं ठाम मत आहे. सॉफ्टवेअर टोकाचा एकच आकडा देतं. पण नलिकेचे तेरा तंतू एकाच ठिकाणी कुठे संपतात? कुणी पुढे, कुणी मागे. मग तो आकडा कुणाचा?

माझ्या नजरेचा मला गर्व होता, अजूनही आहे. दुसऱ्या प्रयोगशाळांतली मुलं फिल्म घेऊन यायची. मी दिवे मालवून रेघ मारायचो, मुलं पाठीमागे श्वास रोखून उभी राहायची. ते मला फार आवडायचं.

विद्यार्थिनी म्हणते, "सर, नुसता एक बिंदू देऊ नका, टोकाशी उजेड विरत जातो तो उतारही मोजा." आता फिल्मच्या प्रत्येक चौकटीसाठी आम्ही दोन्ही लिहितो. उतार लांबला की किप३ कुठल्या तंतूच्या टोकाशी थांबतं, यावर आमचं अजून एकमत नाही.