हक जितका, मागणी तितकी

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा'वरचा धडा मोबाइलवर उघडतो. मी मराठी आणि उर्दू शिकवतो. दोन्हींसाठी ही सोय वापरतो. पण तो धडा आपल्यापर्यंत पोहोचवतं कोण?

५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेली 'दीक्षा' ही 'सनबर्ड' या मुक्त प्रणालीवर उभी आहे. लॉगिन, शोध, धडा, प्रमाणपत्र अशी तिची कामं वेगवेगळ्या 'कंटेनर'मध्ये बांधून अनेक सर्व्हरवर वाटलेली असतात. ही वाटणी 'कुबरनेटिस' करतं. गूगलनं २०१४ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं.

त्याची रीत शाळेचं वेळापत्रक लावण्यासारखीच आहे. प्रत्येक कंटेनरसाठी किती प्रोसेसर, किती मेमरी हवी, ते आधी लिहून द्यायचं. तेवढी जागा नसलेले सर्व्हर वगळले जातात. उरलेल्यांना गुण देऊन एक निवडला जातो. कुठंच जागा नसेल तर कंटेनर ताटकळत राहतो.

मेख पुढं आहे. हा हिशेब प्रत्यक्ष वापराचा नसून मागणीचा असतो. चार जीबी मागून एकच वापरली, तरी उरलेल्या तीन त्याच्याच नावावर राहतात. सर्व्हर अर्धा रिकामा आणि बाहेर रांग! भीतीपोटी जास्त मागणारा असा दुसऱ्याची जागा अडवतो. मुद्दाम कमी मागणाराही वाचत नाही. मेमरी संपत आली की मागणीपेक्षा जास्त वापरणाऱ्यालाच आधी बाहेर काढलं जातं. म्हणजे नेमकं मोजून, खरं तेच मागावं लागतं.

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मामा तलावाचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत जायचं, तर वरच्या बांधीवाल्यानं गरजेपुरतंच घ्यावं लागतं.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या तारखेला आपण सगळे शिक्षक एकदम लॉगिन करतो. त्याच वेळी घरातला एकुलता मोबाइल तासभर हाती आलेलं एखादं लेकरू धडा उघडत असतं. त्याच्या वाट्याला जागा उरेल का, हे कुणीतरी कुठंतरी लिहिलेल्या आकड्यावर ठरतं.

वुजू करतानाही पाण्याचा इसराफ नको, हे आपण लहानपणीच शिकतो. न दिसणारी मेमरीही तशीच अमानत आहे. गरजेपेक्षा जास्त अडवून ठेवलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणाचा तरी हक असते.