पावणं, राजवाडा बघितला. कोल्हापूर कधी बघणार?

मित्रमैत्रिणींनो, मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या कोल्हापुरात घरोघरी पावणे येतात. कुणाची मुंबईची मावशी, कुणाची पुण्याची आत्या, कुणाचे नागपूरचे काका. प्रत्येकाची यादी घरून निघतानाच ठरलेली असते. अंबाबाईचं दर्शन, न्यू पॅलेस, रंकाळ्यावर भेळ, चपलांची खरेदी, तांबडा-पांढरा रस्सा आणि रात्रीची परतीची गाडी. 'चला, कोल्हापूर बघून झालं!' असं म्हणत मंडळी बॅगा भरतात.

मी इथल्याच एका प्राथमिक शाळेत शिकवते. जन्म इथला, शिक्षण इथलं, त्यामुळं 'आपलं कोल्हापूर जगात भारी' हे वाक्य माझ्याही तोंडात कायम असतं. पण खरं सांगू? पावण्यांच्या यादीतल्या काही गोष्टींचं कौतुक जरा जास्तच होतं, आणि जिथं जायला हवं तिकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून आज ही यादी मी तपासायला घेतली आहे. बाईंच्या हातात लाल पेन आलं की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. देवीचं दर्शन तेवढं बाजूला ठेवते. श्रद्धेला गुण देणारी मी कोण? बाकीच्यांना मात्र गुण मिळणार.

न्यू पॅलेस : दहापैकी सहा

आधी चांगलं ते सांगते. काळ्या घडीव दगडाचा हा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. मेजर मँट नावाच्या इंग्रज वास्तुविशारदानं त्याचा आराखडा केला. त्यात आपल्याकडच्या कमानी आहेत, घुमट आहेत, आणि मधोमध इंग्रजी थाटाचा घड्याळाचा मनोरा आहे. बाहेर उभं राहून नीट बघितलं तर अर्धा तास सहज जातो.

पण पावणे घाईनं आत शिरतात. आत छत्रपती शहाजी संग्रहालय आहे. तलवारी, दरबार हॉल, जुने फोटो, आणि शिकार करून भुसा भरून ठेवलेली जनावरं. वाघ, बिबटे, अस्वल, गवे. सगळी गर्दी तिथंच अडकते. आमच्या सहलीत दुसरीतल्या एका पोरीनं मला विचारलं होतं, ''बाई, ह्यो वाघ कशानं मेला?'' काय सांगणार? त्या काळी राजेलोक शिकार करत, त्यात त्यांना पराक्रम वाटे. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. इतकं सांगितल्यावर ती म्हणाली, ''मग जिता वाघ कुठं बघायचा?'' प्रश्न अगदी बरोबर होता.

राजवाडा वाईट नाही. पण तो बघितला म्हणजे कोल्हापूरचा राजा कळला, असं समजू नका. गुण कापले ते त्यासाठी. राजा कुठं कळतो, ते पुढं सांगते.

रंकाळा : संध्याकाळी पाच, पहाटे नऊ

संध्याकाळी रंकाळ्यावर काय दिसतं? गाड्या, भेळेचे ठेले, फुगेवाले, आणि माणसांच्या पलीकडं कुठंतरी थोडंसं पाणी. शहराचं सांडपाणी तलावात मिसळू नये म्हणून गेली कित्येक वर्षं इथले लोक झगडताहेत. कधी पाण्याला वास येतो, कधी जलपर्णी माजते. पावण्यांना आम्ही 'कोल्हापूरची चौपाटी' म्हणून मिरवत नेतो आणि ते मुकाट्यानं भेळ खाऊन परत येतात.

तोच रंकाळा पहाटे सहाला बघा. पाण्यावर धुकं, काठावर फिरायला आलेले आजी-आजोबा आणि पाण्यात दगडी संध्यामठ. पावसाळ्यात पाणी चढलं की हा मठ बुडतो आणि उन्हाळ्यात वर येतो. इथं पूर्वी दगडाची खाण होती, भूकंपानं जमीन खचली आणि तलाव झाला, असं जुनी माणसं सांगतात. काठावरच्या नंदीचीही गोष्ट आहे. हा नंदी म्हणे रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो. तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी! आमच्या वर्गातल्या पोरांनी लगेच गणित मांडलं, ''बाई, गव्हाचा दाणा मोठा का तांदळाचा?'' मोजपट्टी घेऊन बसले होते सगळे.

चप्पल : दुकानाला चार, कारागिराला दहा

पावणे बाजारात जातात, पाच दुकानं फिरतात, घासाघीस करतात आणि स्वस्तातला जोड घेऊन येतात. त्यातले कित्येक जोड यंत्रावर केलेले असतात, काहींत तर चामड्याचा पत्ताच नसतो. पहिल्या पावसात तळवा सुटला की मग कोल्हापूरच्या नावानं बोटं मोडायची!

खरी कोल्हापुरी कशी होते, हे कुणी विचारतच नाही. चामडं बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात कमावतात. तळव्याचे थर चामड्याच्याच वादीनं शिवतात, लोखंडी खिळा लागत नाही. पट्ट्यावरची नाजूक वेणी घालायचं काम पुष्कळदा घरातल्या बायका करतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अर्थ असा, की महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या ठरावीक जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच हे नाव लावता येतं. २०२५ मध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीनं अगदी अशाच चपला आपल्या फॅशन शोमध्ये दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. इथं केवढा गदारोळ झाला! पुढं कंपनीला मान्य करावं लागलं, की ही कला भारतातल्या कारागिरांची आहे.

रागावणं बरोबरच होतं. पण चप्पल घेताना ''ही कुणी केली?'' एवढा प्रश्न आपण तरी दुकानदाराला विचारावा की नको? जमलं तर सुभाषनगरात जाऊन एखाद्या कारागिराचा हात चालताना बघा. त्यानंतर घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

रस्सा : नावाला पाच, चवीला नऊ

'कोल्हापुरी म्हणजे जाळ' हा गैरसमज कुणी पसरवला कुणास ठाऊक! परगावच्या हॉटेलांत भाजीवर लाल तेलाचा तवंग आणला, की झाली ती 'कोल्हापुरी'. मग पावणे इथं येऊन डोळ्यांतून पाणी काढत तांबडा रस्सा पितात आणि 'आपण जिंकलो' असं समजतात. अहो, जेवण म्हणजे काय कुस्ती आहे?

आमच्या घरांत तांबड्याशेजारी पांढरा रस्सा असतो. मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस घालून केलेला हा रस्सा अगदी सौम्य असतो. तिखटाला उतारा ताटातच ठेवलेला! खरी ओळख आहे ती घरोघरी वर्षाची करून ठेवलेल्या कांदा-लसूण चटणीची. तिचा रंग लालभडक असला तरी तिच्यात खोबरं, धने आणि कितीतरी मसाले असतात. प्रत्येक घराची चटणी वेगळी. म्हणून हॉटेलात जाण्याआधी कोल्हापूरच्या मैत्रिणीच्या आईकडं जेवायला जा.

यादीत नसलेलं कोल्हापूर

आता लाल पेन ठेवते. ज्या ठिकाणांना कुणी यादीत घेत नाही, तिकडं चला.

पहिलं टाऊन हॉल. बागेतली ही देखणी इमारत आहे आणि आत संग्रहालय आहे. तिथला ब्राँझचा एक छोटासा पुतळा शोधा. तो पोसायडनचा आहे, म्हणजे ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाचा. १९४५-४६ च्या सुमारास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झालं, तिथं तो सापडला. आता बघा, कोल्हापुरात समुद्र नाही. मग समुद्रदेव आला कुठून? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवर रोमन व्यापाऱ्यांची जहाजं लागत. तो माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर येई. त्यातूनच हा देव इथवर पोचला असणार. वीतभर पुतळा, पण त्याच्यापुढं उभं राहिलं की आपलं गाव एकदम जगाच्या नकाशावर दिसायला लागतं.

दुसरं ठिकाण दसरा चौक. इथं राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. पावण्यांची गाडी त्याला वळसा घालून पुढं जाते. तुम्ही उतरा आणि आजूबाजूला बघा. इथं जवळपास जुनी बोर्डिंगं आहेत. बोर्डिंग म्हणजे वसतिगृह. खेड्यातली पोरं शिकायला शहरात आली तर राहणार कुठं, खाणार काय? जातीपातीमुळं त्यांना घरात कोण घेणार? महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहं त्यांच्या मदतीनं उभी राहिली. ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानत, त्यांच्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघालं. १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड! त्या काळातला रुपया बरं का.

माझ्या वर्गात बसतात त्यातल्या कितीतरी पोरांच्या घरात शिक्षण शिरलं ते अशा दारांतून. या इमारती बघायला तिकीट नाही, फोटोत त्या फार देखण्याही दिसत नाहीत. पण राजा कळतो तो इथं.

तिसरं खासबाग कुस्ती मैदान. १९१२ मध्ये शाहू महाराजांनीच ते बांधून घेतलं. १९०२ च्या परदेश दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार बघितलं, त्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. मैदान खोलगट बशीसारखं आहे. मधे तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेल्या पायऱ्या. कुठंही बसा, पैलवान सारखाच दिसतो. म्हणजे मागं बसलेल्या गरीब शेतकऱ्यालाही कुस्ती नीट दिसली पाहिजे, हा विचार त्यात आहे.

याच मैदानाला लागून संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. हेही महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली सुरू झालेलं. पूर्वी त्याला पॅलेस थिएटर म्हणत. शंभरहून जास्त वर्षं इथं नाटकं झाली, गाणी झाली, आमच्या शाळांची स्नेहसंमेलनंसुद्धा झाली. पावण्यांच्या यादीत त्याचं नाव कधी नसायचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. रंगमंच आणि छत जळून गेलं. सकाळी लोक रस्त्यावर उभे राहून काळ्या भिंतींकडं बघत होते. म्हातारे नट, पडदे ओढणारे कामगार, कॉलेजची मुलं, सगळ्यांचे डोळे भरून आले होते. नाट्यगृह पुन्हा उभारण्याचं काम नंतर हाती घेतलं गेलं. पण त्या दिवशी आमच्या शाळेतल्या चौथीच्या पोरांनी मला विचारलं, ''बाई, आत कसं होतं ओ?'' त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ते कधी आतून बघितलंच नव्हतं. न्यू पॅलेसमधला वाघ मात्र सगळ्यांनी बघितला होता.

मुलांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. प्रसिद्ध ठिकाणं खुशाल बघा, भेळ खा, फोटो काढा. पण एखादं ठिकाण मोठं का म्हणायचं, हे दुसऱ्याच्या यादीवरून ठरवू नका. तीन प्रश्न विचारा : हे कुणी केलं? कुणासाठी केलं? आज ते कुणाच्या उपयोगी पडतं? ज्या ठिकाणाला या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत, ते बघायला चुकवू नका.

नाट्यगृहाच्या आगीनंतर आमच्या वर्गानं आपली स्वतःची यादी केली. एकानं कुंभार गल्ली लिहिली, कारण तिथं चाकावर मडकं होताना दिसतं. एकीनं गंगावेशीतला दूधकट्टा लिहिला. तिथं संध्याकाळी म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून पेला भरून देतात. (दूध घरी नेऊन उकळून प्यावं, असं तिनं स्वतःच कंसात लिहिलं होतं!) एकानं आपल्या आजोबांची तालीम लिहिली. यातलं एकही ठिकाण पावण्यांना ठाऊक नव्हतं.

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठीही थोडा अभ्यास आहे. तुम्ही साताऱ्याचे असा, लातूरचे असा, नाहीतर चंद्रपूरचे, येत्या रविवारी मुलांना आपल्याच गावातल्या अशा एका ठिकाणी न्या, जिथं पावण्यांना कधी नेलं जात नाही. तिथल्या एखाद्या जुन्या माणसाशी मुलांना बोलू द्या. ती जागा कशी होती हे मुलांना ती उभी असतानाच कळू दे.