कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलंत का?

मित्रांनो, तुमच्या घरी किंवा सोसायटीत कॅमेरा आहे ना? त्यातलं चित्र मधेच थिजतं, असा अनुभवही असेल. मला तो आला, आणि चांगलीच अद्दल घडली. तीच गोष्ट सांगतो.

डोंबिवली पूर्वेला आमचं जुनं बैठं घर आहे. तिथे आई राहते, मी ठाण्याला. मागच्या अंगणात तुळस, मोगरा आणि एक आंबा. रोज सकाळी आई झाडांना पाणी घालते. वय ७४! म्हणून मे महिन्यात मी अंगणाच्या टोकाला बिनतारी कॅमेरा बसवला. आई म्हणाली, "अरे, मी काय चोर आहे?" मी ते हसण्यावारी नेलं.

जुलैतल्या एका सकाळी ऑफिसात फोन उघडून पाहिलं. आई तुळशीपाशी उभी. झालं, मी निश्चिंत! तासाभराने शेजारच्या काकूंचा फोन आला. आई शेवाळावरून घसरली होती, पाऊण तास तशीच बसून होती. मी पाहिलं ते चित्र जुनंच होतं! चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं असतं, तर ते बंद पडलंय हे कळलं असतं. नशीब, मुका मारच लागला होता.

रविवारी माझा सातवीतला भाचा आला. म्हणाला, "मामा, मे महिन्यात नीट चालायचा. मग आता काय बदललं?"

प्रश्न अगदी बरोबर होता, बरं का! वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झालं, की पोहोचणारी शक्ती चौथाई होते. भिंत तिला आणखी दुबळी करते, लोखंड परत फिरवतं आणि पाणी शोषून घेतं. आमचा राउटर होता लोखंडी कपाटामागे, शेजारी पाण्याचं पिंप, आणि वाटेत पावसाने निथळणारा आंबा! मग चित्राचे तुकडे वाटेत हरवतात, पुन्हा पाठवावे लागतात आणि मागे गर्दी तुंबते. लोकल उशिरा आली, की डोंबिवलीच्या फलाटावर काय होतं? अगदी तसंच.

आम्ही वही घेतली आणि एका वेळी एकच बदल करायचा, असं ठरवलं. सगळं एकदम बदललं, तर गुण कशाचा आला हे कसं कळणार?

आधी राउटर कपाटामागून काढून मागच्या खिडकीजवळ उंच फळीवर ठेवला. सर्वात जास्त फरक इथेच पडला! मग शेजारचे राउटर कोणत्या चॅनेलवर आहेत ते पाहिलं. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांच्या पायात येत नाहीत. आम्ही त्यातला कमी गर्दीचा घेतला. ५ गिगाहर्ट्झवर माहिती जास्त जाते, पण भिंतींपुढे ती लवकर दमते. म्हणून लांबच्या कॅमेऱ्याला २.४ च बरं. शेवटी सेकंदाला २५ चित्रांऐवजी १० केली. आई काही धावत नाही! ओझं हलकं झालं आणि चित्र चालू लागलं. एवढ्यानेही भागलं नसतं, तर सरळ तार टाकली असती. तारेला पावसाची आणि गर्दीची फिकीर नसते.

आई हे सारं पाहत होती. म्हणाली, "मला विचारलंस का कधी, हा डोळा कुठे लावायचा ते?" मी खाली मान घातली. मग तिनेच जागा दाखवली. आता कॅमेऱ्याला फक्त तुळशीची वाट दिसते. मैत्रिणी आल्या, की आई त्यावर रुमाल टाकते. तो तिचा हक्कच आहे.

आता मी आधी घड्याळ पाहतो आणि मगच चित्र. आणि रोज सकाळी आठला फोनही करतो. पलीकडून "हं, बोल!" ऐकू आलं, की कॅमेऱ्याने दिला नसता एवढा धीर येतो. तुम्हीही आज आजीला फोन कराल ना?